शेवटच्या गाडीतली जागा

१

मेळाव्याच्या आदल्या दिवशी मी सकाळी सहाला ट्रॅकवर पोचते आणि सगळ्यात आधी संडास मोजते. हसू नका. चार हजार माणसं येणार असतील तर संडास चाळीस लागतात, आणि कंत्राटदार दरवर्षी छत्तीसच उतरवून पसार होतो. त्यानंतर पताका, बँडचा मंच, चहाचे तंबू, प्रथमोपचार. हे सगळं मी बघायचं आणि गाड्या क्लिफने बघायच्या, अशी आमची नऊ वर्षांची वाटणी होती.

क्लिफ म्हणजे क्लिफर्ड, माझा थोरला भाऊ. वय एकाहत्तर. आयुष्यभर लिंकन शहरातल्या बस डेपोत मेकॅनिक होता. लग्न केलं नाही. माझे यजमान गेल्यावर तो माझ्याकडेच राहायला आला, तो कपड्यांच्या दोन पेट्या आणि एक लॉरी घेऊन. लॉरी १९४३ सालची, लष्करी बेडफर्ड, वर ताडपत्री. पंधरा वर्षं खपून त्याने ती उभी केली होती. त्या वर्षी डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्याला सांगून टाकलं होतं की सप्टेंबरनंतर गाडी चालवायची नाही. म्हणून ऑगस्टचा हा मेळावा त्याचा शेवटचा.

आमचा स्कार्थबी ट्रॅक पूर्वी दुसऱ्या महायुद्धातला विमानतळ होता. आता एरवी तिथे शर्यती होतात. ऑगस्टच्या त्या एका शनिवार-रविवारी मात्र जुन्या लष्करी गाड्या येतात, लोक चाळीसच्या दशकातले कपडे घालून येतात, बायका केसांच्या वळ्या घालतात, आणि दुपारी गाड्यांचा ताफा ट्रॅकला एक फेरी मारतो. अगदी सावकाश, ताशी पंधरा मैलांनी.

मी बसते ती खोली ट्रॅकच्या मनोऱ्यात, वरच्या मजल्यावर आहे. तीन बाजूंनी काच, मधे टेबल, भिंतीवर घड्याळ. तिथून सगळा ट्रॅक दिसतो. कीपर्स नावाचं एक वळण तेवढं ओकच्या झाडीमागे जातं. गाडी झाडीआड गेली की चाळीस-एक सेकंद दिसत नाही, मग पलीकडून बाहेर येते. नऊ वर्षांत मला त्या चाळीस सेकंदांबद्दल कधी काही वाटलं नव्हतं.

२

शुक्रवारी दुपारी आयव्हर प्रेंटिसने जीप घेऊन चाचणीची फेरी मारली. ट्रॅकवर दगड-बिगड पडलेत का, एवढंच बघायचं होतं. आयव्हर निवृत्त पोस्टमन, बडबड्या, आमच्या मेळाव्याचा कायमचा सार्जंट. मी वरून बघत होते. गेला, वळणाआड झाला, चाळीस सेकंदांनी आला. मी वहीत वेळ लिहिली आणि खाली उतरले.

जीपची चारही चाकं चिखलाने माखलेली होती.

त्या उन्हाळ्यात सहा आठवडे पावसाचा थेंब नव्हता. गवत पार पिवळं पडलं होतं. आणि आमच्याकडची माती पांढरट, खडूसारखी. हा चिखल लाल होता, ओला होता, अजून टपटपत होता.

"कुठे लोळून आलास रे?" क्लिफने विचारलं. "ट्रॅक बघायला पाठवलं होतं, भाताची लावणी करायला नाही."

एरवी आयव्हरने दोन शिव्या तरी हासडल्या असत्या. तो जीपमधून उतरला, चाकाकडे बघत उभा राहिला आणि म्हणाला, "मला वाटलं, मी डांबरावरच होतो."

"खंदकात गेला असशील झोपेत."

"हो. असेल," आयव्हर म्हणाला. बादली आणून तो चाकं धुवायला लागला. पाणी लाल वाहत होतं. वळणाशी एखादा पाइप फुटला असेल, असं मी स्वतःला सांगितलं आणि ट्रॅकच्या व्यवस्थापकांना, लोमॅक्सना, चिठ्ठी पाठवली. उत्तर आलं की त्या बाजूला पाण्याचा पाइपच नाही.

३

शनिवारी सकाळी आयव्हरने जीपच्या आरशात बघून दाढी केली. मी त्याला चहाचा मग दिला तेव्हा त्याच्या कानाजवळ साबणाचा फेस होता. हे मी मुद्दाम सांगते, कारण पुढे माझं सगळं डोकं याच एका गोष्टीवर अडकलं. गुळगुळीत दाढी केली होती त्याने. मी बघितली होती.

दुपारी ताफा निघाला. सत्तावीस गाड्या. सगळ्यात पुढे क्लिफची बेडफर्ड, सगळ्यात मागे आयव्हरची जीप. मंचावर बेरिल गात होती. तिचा बँड दरवर्षी येतो, आणि लाऊडस्पीकर ट्रॅकभर लावलेले असतात, त्यामुळे गाणं सगळीकडे ऐकू जातं. लोक रुमाल हलवत होते. गाड्या एकेक करून झाडीमागे गेल्या, एकेक करून बाहेर आल्या. मी मोजल्या. सत्तावीस. वेळेतही काही खोट नव्हती.

पण शेवटची जीप आचके देत देत आली आणि मनोऱ्याखालीच बंद पडली. टाकीत पेट्रोलचा थेंब नव्हता. सकाळी ती गळ्यापर्यंत भरलेली होती.

मी खाली धावले. आयव्हर स्टिअरिंगवर हात ठेवून बसला होता. त्याच्या गालांवर खुंट वाढलेले होते. पांढरे, राठ. चार दिवसांचे तरी असतील.

"आयव्हर, बरं वाटत नाहीये का तुला?"

"आज वार कोणता?"

"शनिवार."

"अजून शनिवारच?" त्याने मंचाकडे बघितलं. बेरिलचं तेच गाणं चालू होतं. "ऑड्री, खायला काय आहे?"

मी त्याला सँडविच आणून दिली. त्याने पाच खाल्ली. उभ्यानेच, दोन्ही हातांनी, इकडेतिकडे बघत. मग माझा हात धरून त्याने मला जीपच्या आडोशाला नेलं.

"उद्या शेवटी कोण आहे?"

"क्लिफ. मोडलेल्या गाड्या ओढायला त्याची लॉरी मागे ठेवलीय."

"त्याला शेवटी ठेवू नको. कोणालाच ठेवू नको. शेवटच्या गाडीला ते गाठतात."

"ते म्हणजे कोण?"

"पायी असतात. आपण हळू जातो ना, म्हणून गाठतात. नीट मागतात गं. हात जोडून. 'साहेब, जागा आहे का?'" तो थांबला. "जीपमध्ये तिघांची जागा होती. मी थांबलो नाही."

टाकीत पेट्रोल भरून, सार्जंटच्या गणवेशातच, तो घरी निघून गेला. नऊ वर्षांत पहिल्यांदाच रविवार सोडून.

४

"उन्हाने डोकं फिरलंय त्याचं," क्लिफ म्हणाला. आम्ही चहाच्या तंबूत होतो.

"आणि दाढी?"

"तू चष्मा लावला होतास?"

"क्लिफ, मी त्याला फेस लावलेला बघितलाय."

"बघितला असशील. म्हातारा माणूस, अर्धी करून अर्धी विसरला असेल." मग तो कपात चमचा फिरवत राहिला. "जागा मागतात म्हणाला?"

"हो."

"आणि हा थांबला नाही?"

"क्लिफ, आपण उद्याची फेरी रद्द करू."

"का म्हणून सांगशील लोकांना? आयव्हरची दाढी वाढली म्हणून?" तो हसला, पण लगेच माझ्या हातावर हात ठेवून म्हणाला, "ऑड्री, ही एकच फेरी उरलीय माझी. तेवढी मारू दे."

मी लोमॅक्सना भेटले. ते नम्रपणे म्हणाले, "बाई, टाकीला भोक असेल. जुन्या गाड्या आहेत. तुम्ही दमलात." आणि मी खरंच दमले होते. रात्रभर विचार करून मी स्वतःला पटवलंसुद्धा. दमलेल्या बाईला खुंट दिसतात. गळक्या टाकीतून पेट्रोल जातं. पण रविवारी ताफा निघायच्या अर्धा तास आधी मी मनोऱ्यातली खोली दुसऱ्याला सोपवली, लाल झेंडा उचलला आणि कीपर्स वळणावर चालत गेले. काहीच नसेल तर काहीच दिसणार नाही, एवढाच माझा विचार होता.

५

वळण अगदी साधं होतं. डांबर, दोन्ही कडांना पिवळं गवत, आणि एका ठिकाणी ओकची सावली रस्त्यावर आडवी पडलेली. दहा-बारा पावलांची सावली असेल. मी पलीकडच्या कडेला उभी राहिले. दुपारचं ऊन होतं. चंडोल गवतातून वर उठून गात होते. लांबून बँडचा आवाज येत होता.

गाड्या यायला लागल्या. सावलीत शिरायच्या, सावलीतून बाहेर यायच्या. चालक मला हात करायचे, "काय ऑड्रीबाई, आज इथे बदली का?" असं ओरडायचे. मी मोजत होते. तेवीस. चोवीस. पंचवीस. कोणाला काही झालं नाही. माझं मलाच हसू यायला लागलं होतं.

मग बेडफर्ड आली. रिकाम्या लॉरीचा तो मोकळा खडखडाट मी नऊ वर्षं ऐकलाय. क्लिफ गुळगुळीत दाढी करून, खाकी कोट आणि तिरकी टोपी घालून ऐटीत बसला होता. त्याने मला बघितलं आणि भुवया उडवल्या. आणि का कोण जाणे, त्या क्षणी मी लाल झेंडा वर केला. जिवाच्या आकांताने हलवला. तो हसत सावलीत शिरला.

लॉरीचं नाक सावलीच्या अलीकडच्या कडेवर होतं ते मी बघितलं. एक श्वास घेतला. ते पलीकडच्या कडेतून बाहेर आलं.

आवाज बदलला होता. इंजिन कण्हत होतं. लॉरी मागच्या बाजूला स्प्रिंगांवर इतकी दबलेली होती की चाकं मडगार्डांना घासत होती. ताडपत्री फाटून ठिकठिकाणी दोऱ्यांनी शिवलेली, मागचा पडदा आवळून बांधलेला. चाकं लाल चिखलाने माखलेली. लॉरी माझ्याशेजारी थांबली.

स्टिअरिंगमागे बसलेल्या माणसाला छातीपर्यंत येऊ लागलेली दाढी होती. अंगात कोट नव्हता. गालांची हाडं वर आली होती. त्याने मला वरून खालपर्यंत बघितलं.

"तू अजून त्याच निळ्या जाकिटात," क्लिफ म्हणाला.

"क्लिफ. क्लिफ, तू आत्ता आत गेलास."

"आत्ता," तो म्हणाला. जणू तो शब्द त्याला नीट आठवत नव्हता. "मी काड्या मोडून ठेवत होतो रोज एक. सत्तरनंतर सोडून दिलं."

मागे ताडपत्रीत कोणीतरी खोकलं. मग दुसरं कोणीतरी. दाबून, तोंडावर हात धरून खोकल्यासारखं. आणि लहान मुलाला गप्प करतात तसा "श्श" असा आवाज.

"मागे कोण आहे?"

"हळू बोल. मागच्या फाटकाने यांना बाहेर काढू या, गावाकडे. आयव्हर म्हणाला होता ना, मागतात म्हणून. मागितलं त्यांनी. माझी लॉरी रिकामी होती, ऑड्री. रिकामी लॉरी घेऊन कसा पुढे जाऊ?"

"कुठली माणसं आहेत?"

"विचारलं नाही. त्यांना गाणं ऐकू येत होतं. बेरिलचं. त्यांना वाटतंय, लढाई संपली."

६

मागच्या फाटकाला जायचा रस्ता मेळाव्यातूनच होता, दुसरा नव्हता. मी लाल झेंडा घेऊन लॉरीच्या पुढे चालायला लागले. काय करतेय हे मला कळत नव्हतं. फक्त मागे लॉरी आहे आणि ती चालली पाहिजे, एवढंच कळत होतं.

लोकांनी वाट करून दिली. दोन्ही बाजूंना गणवेशातले सैनिक, केसांच्या वळ्या घातलेल्या बायका, पताका, लाकडी खोक्यांवर मांडलेले चहाचे मग. कोणीतरी टाळ्या वाजवल्या, मग सगळ्यांनीच. "दाढी काय मस्त लावलीय!" एक जण ओरडला. लोकांना तो खेळाचाच भाग वाटत होता. चिखलसुद्धा.

मी लॉरीच्या बाजूला झाले. ताडपत्रीला भोकं होती. एका भोकाला आतून डोळा लागलेला होता. पापण्या नसलेला, लाल झालेला. मी त्याच्याकडे बघितलं, पण तो माझ्याकडे बघत नव्हता. त्या पताका, ते गणवेश, ते चहाचे मग बघत होता.

आत एक बाई म्हणाली, अगदी आमच्याकडच्या बोलीत, "पताका लावल्यात गं. अगं, पताका लावल्यात."

मग आतले सगळे एकदमच बोलायला लागले. कोणी हसत होतं. कोणी रडत होतं. एका पुरुषाचा घोगरा आवाज पुन्हा पुन्हा म्हणत होता, "घरी आलो. म्हटलं होतं ना मी? घरी आलो." फळ्यांवर तळव्यांनी ताल धरला गेला. बाहेर लोक टाळ्या वाजवत होते आणि आतून बेरिलच्या गाण्याला ताल धरत होते. मी तोंडात झेंड्याचं कापड कोंबलं.

शेवटचा चहाचा तंबू मागे पडला आणि वाट प्रेक्षकांच्या वाहनतळावर निघाली.

तिथे शेकडो मोटारी उभ्या होत्या. आजच्या, चकचकीत. अर्ध्या चड्डीतला एक माणूस फोनवर मोठ्याने बोलत होता. एक मुलगी प्लॅस्टिकच्या पेल्यातून निळं काहीतरी पीत होती.

लॉरीतला आवाज थांबला. हळूहळू नाही. सगळ्यांचा, एकदम. बोलणं, हसणं, ताल, सगळं.

आणि मग माझ्या डोळ्यांदेखत लॉरीची मागची बाजू वर उठली. स्प्रिंगा कुरकुरल्या आणि फळ्या वीतभर वर आल्या. ओझं उतरवल्यावर येतात तशा.

७

क्लिफ इंजिन बंद करून उतरला. पडदा मी सोडला. क्लिफला सोडवत नव्हता. आत बाकं होती, ओली. लाल चिखलात पायांचे ठसे होते, एकावर एक, अनवाणी पायांचे. ताडपत्रीखाली गर्दीची ऊब अजून कोंडलेली होती. कोपऱ्यात क्लिफचा खाकी कोट घडी घालून ठेवलेला होता. बाकी कोणी नाही.

क्लिफने आत बघितलं. मग तो वळला आणि चालकाच्या बाजूला जायला लागला.

"कुठे निघालास?"

"परत. एवढेच बसले, ऑड्री. पन्नास-साठ तिथेच उरलेत. म्हाताऱ्यांना आधी बसवा म्हणाले ते. मी सांगून आलोय त्यांना, यांना सोडतो आणि लगेच येतो."

"हे कुठे सोडले तू? बघ तरी आत!"

"या वेळी या मोटारींजवळून नेणार नाही. शेतातून नेईन." तो हात लांब करून पायरीवर चढू बघत होता, पण अंगात ताकद नव्हती. दोनदा पाय घसरला. तेवढ्या वेळात मी बॉनेट उघडलं. पंधरा वर्षं मी त्याला हत्यारं देत आलेय. डिस्ट्रिब्यूटरचं झाकण काढलं की आत बोटाएवढा एक तुकडा फिरतो, तो काढला की गाडी सुरूच होत नाही. तो मी काढला आणि मुठीत धरला.

इंजिन सुरू होईना तेव्हा त्याच्या लक्षात आलं. तो खाली उतरला आणि माझ्यासमोर हात पसरला.

"दे."

"नाही."

"ऑड्री, तुला कळत नाहीये. मी इथे तुझ्याशी दोन वाक्यं बोलतोय, तेवढ्यात तिथे काय होत असेल? तू म्हणालीस ना, मी आत्ता गेलो? एका श्वासात? मग मोज. तूच मोज!"

मी मोजलं नाही. मोजायचं नाही असं ठरवून मी उभी राहिले, पण डोकं आपोआप मोजत होतं. एका श्वासात सत्तर दिवस, आणि त्यावर आणखी किती कोण जाणे. आम्ही वाहनतळावर येऊन दहा मिनिटं झाली होती.

"तू परत आला नाहीस तर?" मी म्हणाले. "मला कोण आहे, क्लिफ?"

"त्यांनी माझ्या हातावर हात ठेवून शब्द घेतलाय." तो रडत होता. "दे ना गं. पाया पडतो."

एकाहत्तर वर्षांचा माझा थोरला भाऊ वाहनतळाच्या खडीवर खरंच गुडघ्यांवर बसला. लोक थांबून बघायला लागले. एकाने फोन वर धरला. मी मूठ उघडली नाही. तुकड्याच्या कडा तळव्यात रुतून रक्त आलं, तरी उघडली नाही. आयव्हरचे तर चारच दिवस गेले होते, मी स्वतःला सांगत होते, म्हणजे काही नेम नाही, तिथे अजून दुपारच चालू असेल, ते अजून रस्त्याकडे बघत बसले असतील. हे मी आजही सांगते स्वतःला.

पलीकडे बेरिलचं गाणं संपलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तिने दुसरं गाणं सुरू केलं, तेही संपलं.

मग क्लिफ उठला. गुडघ्यावरची खडी झटकली आणि लॉरीच्या पायरीवर बसला. त्याचा आवाज अगदी शांत होता, डेपोतून संध्याकाळी घरी आल्यावर असायचा तसा.

"आता दिलास तरी चालेल," तो म्हणाला. "आता तिथे कोणी उरलं नसेल."

मी तुकडा त्याच्या हातात ठेवला. त्याने तो शर्टाला पुसला, वरच्या खिशात टाकला, आणि मला म्हणाला, "चहा आण. आणि पाव असेल तर थोडा."